मूत्रविकारांवरील पारंपरिक वनौषधी

मूत्रविकारांवरील पारंपरिक वनौषधी म्हणजे लघवीची जळजळ, लघवी अडखळत होणे, तुंबणे, मूतखडा आणि मूत्राशयाच्या इतर तक्रारींवर आयुर्वेद, युनानी व लोकवैद्यक या परंपरांत वापरल्या जाणाऱ्या वनस्पती व त्यांचे कल्प होत. गोखरू, पुनर्नवा, वायवर्णा, पाषाणभेद, दर्भ, वाळा, धने, जव आणि कुळीथ ही त्यांतील विशेष परिचित द्रव्ये आहेत. महाराष्ट्रात यांपैकी काही स्वयंपाकघरात, काही रानभाज्यांत, तर काही काष्ठौषधींच्या दुकानांत आढळतात. मूत्रल (लघवीचे प्रमाण वाढविणारे), दाहशामक आणि अश्मरीघ्न (खडा फोडणारे) असे त्यांचे गुण परंपरेने सांगितले आहेत. आधुनिक कसोट्यांवर यांतील थोड्याच दाव्यांची समाधानकारक तपासणी झालेली आहे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वेळीच न ओळखल्यास मूत्रपिंडापर्यंत व रक्तापर्यंत पोहोचू शकतो, म्हणून या औषधींचे गुण जाणण्याइतकेच त्यांच्या मर्यादा जाणणेही महत्त्वाचे ठरते.

संज्ञा व व्युत्पत्ती

आयुर्वेदात मूत्राच्या उत्पत्तीशी व वहनाशी संबंधित मार्गांना 'मूत्रवह स्रोतस' म्हणतात. मूत्राशयाला 'बस्ती' असे नाव असून त्याची गणना हृदय व शिर यांच्याबरोबर तीन प्रमुख मर्मांत केली जाते. मूत्रविकारांचे मुख्यतः तीन गट आढळतात. 'मूत्रकृच्छ्र' म्हणजे लघवी कष्टाने, वेदनेसह होणे. 'कृच्छ्र' या शब्दाचा अर्थच कष्ट असा आहे. 'मूत्राघात' म्हणजे लघवी अडणे किंवा तिचे प्रमाण घटणे. 'अश्मरी' हा शब्द दगड या अर्थाच्या 'अश्मन्' शब्दापासून आला असून बोलीत त्यालाच मूतखडा म्हणतात.

मराठी बोलीत लघवीच्या जळजळीला 'उन्हाळी लागणे' असा शब्दप्रयोग आहे. उन्हाळ्यात घामावाटे पाणी जाते, लघवी कमी व गडद होते आणि जळजळ जाणवते, हा अनुभव या शब्दप्रयोगात दिसतो. अशा जळजळीचे कारण केवळ पाण्याची कमतरता असू शकते किंवा जंतुसंसर्गही असू शकतो. बोलीतील एकच शब्द दोन्ही अवस्थांना लागू पडत असल्याने घरगुती उपचारात त्यांची गल्लत होण्याचा संभव असतो.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी द्रव्यांचे प्रत्येकी दहांचे पन्नास गट दिले आहेत. त्यांतील तीन गट मूत्राशी संबंधित आहेत: मूत्राचे प्रमाण कमी करणारा मूत्रसंग्रहणीय, मूत्राचा वर्ण प्राकृत करणारा मूत्रविरजनीय आणि मूत्राचे प्रमाण वाढविणारा मूत्रविरेचनीय. मूत्रसंग्रहणीय गटात जांभूळ, आंबा, वड, उंबर व पिंपळ यांसारखे तुरट रसाचे वृक्ष आहेत. मूत्रविरजनीय गटात कमळाच्या विविध जाती, ज्येष्ठमध व धायटी यांचा समावेश आहे. मूत्रविरेचनीय गटात गोखरू (श्वदंष्ट्रा), पाषाणभेद, दर्भ, कुश व काश ही द्रव्ये येतात. त्याच संहितेत मूत्रकृच्छ्राचे आठ आणि मूत्राघाताचे तेरा प्रकार सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे बारा प्रकार आहेत.

सुश्रुतसंहितेत अश्मरीचे वातज, पित्तज, कफज व शुक्रज असे चार प्रकार सांगितले आहेत. नव्याने झालेली अश्मरी औषधांनी साध्य होते, वाढलेली मात्र शस्त्रक्रियेने काढावी लागते, असा तेथे स्पष्ट भेद केलेला आहे. चिकित्सास्थानात मूत्राशयातील खडा काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन असून कुशल वैद्याच्या हातूनही ती यशस्वी होईलच असे नाही, म्हणून आधी राजाची अनुज्ञा घ्यावी, असे बजावले आहे. औषधांची मर्यादा कोठे संपते याची जाणीव परंपरेच्या मूळ ग्रंथातच होती, हे यावरून दिसते. सुश्रुतसंहितेतील 'वरुणादी गण' आणि 'तृणपंचमूळ' हे द्रव्यसमूह आजही प्रचारात आहेत.

पुढील काळात माधवनिदान, शार्ङ्गधरसंहिता व भावप्रकाश या ग्रंथांनी हे ज्ञान संक्षिप्त व व्यवहारोपयोगी रूपात मांडले. मराठीत शंकर दाजी शास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' आणि वामन गणेश देसाई यांचा 'औषधीसंग्रह' या ग्रंथांनी वनौषधींची माहिती सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविली.

प्रमुख वनस्पती

गोखरू: शास्त्रीय नाव ट्रिब्यूलस टेरेस्ट्रिस. जमिनीवर पसरणारी, पाच पाकळ्यांची पिवळी फुले येणारी ही वनस्पती रुक्ष प्रदेशातील पडीक जमिनीत सर्वत्र उगवते. तिच्या काटेरी फळाला ग्रामीण भागात 'सराटा' म्हणतात. वहाणेच्या तळव्यात किंवा सायकलच्या टायरमध्ये तो रुततो. 'गोक्षुर' व 'श्वदंष्ट्रा' (कुत्र्याची दाढ) ही संस्कृत नावे या काट्यांवरूनच आलेली आहेत. औषधात फळ व मूळ वापरतात. मूळ दशमुळांपैकी एक आहे. मूत्रकृच्छ्र व अश्मरी या दोहोंत गोखरूला अग्रस्थान दिले जाते. फळांत सॅपोनिन वर्गातील द्रव्ये व पोटॅशियमचे क्षार आढळतात.

पुनर्नवा: शास्त्रीय नाव बोअरहाविया डिफ्यूजा, मराठीत घेटुळी. उन्हाळ्यात वरचा भाग सुकून जातो आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर मुळापासून नवे कोंब फुटतात, म्हणून 'पुन्हा नवी होणारी' असे नाव तिला मिळाले. पावसाळ्यात तिच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. औषधात मुख्यतः मूळ वापरतात. अंगावरील सूज व कमी झालेली लघवी या लक्षणांवर तिचा वापर सांगितला आहे. ती बोगनवेलीच्या कुळातील आहे.

वायवर्णा (वरुण): क्रटिव्हा प्रजातीतील हा मध्यम उंचीचा, त्रिदली पानांचा पानझडी वृक्ष ओढ्यानाल्यांच्या काठी वाढतो. कोकणात त्याच्या कोवळ्या पानांची भाजी रानभाजी म्हणून खाल्ली जाते. औषधात साल वापरतात. मूतखडा आणि पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीसारख्या तक्रारींत तिचा काढा सांगितला आहे. सालीत ल्यूपिऑल नावाचे द्रव्य असून त्याचा अभ्यास प्राण्यांवरील प्रयोगांत झालेला आहे.

पाषाणभेद: शास्त्रीय नाव बर्जेनिया सिलिआटा. हिमालयात खडकांच्या कपारीत उगवणाऱ्या या वनस्पतीचे मूलस्तंभ औषधात वापरतात. ती ज्या कुळात मोडते त्याचे लॅटिन नाव सॅक्सिफ्रागेसी असून त्यातील 'सॅक्सिफ्रागा' या शब्दाचाही अर्थ 'दगड फोडणारी' असाच होतो. भारतात व युरोपात एकाच कुळातील वनस्पतींना असे समानार्थी नाव मिळावे, हा योगायोग लक्षणीय आहे. दगड भेदून उगवणारी वनस्पती शरीरातील दगडही भेदील, या साधर्म्याच्या कल्पनेचा अशा नामकरणात वाटा असावा. नाव हा गुणाचा पुरावा मात्र ठरत नाही.

तृणपंचमूळ: कुश, काश, नळ, दर्भ व ऊस यांच्या जातीतील पाच तृणांची मुळे मिळून हा समूह होतो. त्यांचा काढा अथवा त्यांनी सिद्ध केलेले दूध दाहयुक्त मूत्रकृच्छ्रात सांगितले आहे.

वाळा व चंदन: दोन्ही द्रव्ये शीत व दाहशामक मानली जातात. उन्हाळ्यात माठातील पाण्यात वाळ्याची जुडी टाकण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे. चंदनाचे तेल आणि कंकोळ (कबाबचिनी) यांचा वापर एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य वैद्यकातही परम्यावर होत असे. जंतुनाशक सल्फा औषधे व पेनिसिलिन आल्यानंतर तो मागे पडला.

कुळीथ: कुळथाचे कढण व पिठले हे कोकणात व घाटावर नित्याचे पदार्थ आहेत. मूतखड्यावर कुळथाचे पाणी घेण्याचा प्रघात अनेक राज्यांत आढळतो.

भुईआवळी: पावसाळ्यात शेतांच्या बांधांवर उगवणारे हे लहान झुडूप भारतात प्रामुख्याने काविळीवर वापरले जाते. त्याच प्रजातीतील फायलँथस निरुरी ही वनस्पती दक्षिण अमेरिकेत मूतखड्यावर वापरली जाते आणि तिचे तेथील स्पॅनिश लोकनामही 'दगडफोडी' याच अर्थाचे आहे.

घरगुती उपाय

महाराष्ट्रातील घरगुती उपचारांत पुढील गोष्टी विशेष प्रचलित आहेत:

- धने-जिऱ्याचे पाणी: धने व जिरे रात्री पाण्यात भिजवून सकाळी गाळून खडीसाखरेसह घेतात.
- सब्जा: भिजवून फुगलेले बी पाण्यातून किंवा दुधातून घेतात.
- जवाचे पाणी: जव उकळून, गाळून ते पाणी दिवसभर थोडे थोडे पितात. जव जाळून केलेला यवक्षारही औषधात वापरतात.
- शहाळ्याचे पाणी, काकडी व कोहळा: हे शीत व मूत्रल आहार म्हणून दिले जातात. काकडीच्या बियांचा मगज वाटून घेण्याचीही पद्धत आहे.
- केळीच्या खांबाचा रस: हा मूतखड्यावर घेतला जातो.
- पळसाची फुले: लघवी अडल्यास उकडलेली फुले सोसवेल इतकी गरम असताना ओटीपोटावर बांधतात.

यांतील बहुतेक उपायांत एक समान धागा आहे. प्रत्येकाबरोबर पोटात बरेचसे पाणी जाते. या उपायांनी मिळणाऱ्या आरामात वनस्पतीचा वाटा किती व पाण्याचा किती, हे वेगळे काढणे कठीण असते. पळसाच्या फुलांच्या शेकानेही स्नायू सैलावण्यास मदत होत असावी, परंतु लघवी पूर्ण तुंबलेली असताना शेकावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते.

संयुक्त कल्प

परंपरेत एकेरी वनस्पतींपेक्षा अनेक द्रव्यांचे कल्प अधिक वापरले जातात. 'गोक्षुरादी गुग्गुळ' या कल्पात गोखरूच्या काढ्यात गुग्गुळ शिजवून त्यात त्रिकटू, त्रिफळा व नागरमोथा मिसळतात. 'चंद्रप्रभा वटी' हा अनेक द्रव्यांचा कल्प असून त्यात शिलाजित व गुग्गुळ यांच्याबरोबर लोह व माक्षिक यांची भस्मेही असतात. त्यामुळे तो केवळ वनस्पतिजन्य नव्हे. 'पुनर्नवाष्टक काढा' सुजेवर आणि 'चंदनासव' दाहावर सांगितला आहे. आसवे व अरिष्टे यांत किण्वनाने मद्यार्क तयार होतो, ही गोष्ट मद्य वर्ज्य असलेल्या रुग्णांनी लक्षात घ्यावी लागते.

इतर देशांतील परंपरा

उत्तर अमेरिकेतील आदिवासी समाजांत क्रॅनबेरी या आंबट फळाचा आहारात व औषधात वापर होता. युरोपात उवा-उर्सी (बेअरबेरी) या झुडपाची पाने मूत्राशयदाहावर वापरली जातात. त्यांतील अर्ब्युटिन या द्रव्यापासून शरीरात जंतुरोधक हायड्रोक्विनोन तयार होते. हे औषध दीर्घकाळ घेऊ नये, अशी युरोपीय नियामकांची शिफारस आहे. मक्याच्या कणसाचे केस उकळून ते पाणी घेण्याची प्रथा अनेक देशांत आहे. अमेरिकेतील सॉ पाल्मेटो या लहान ताडाची फळे पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीवर दिली जातात. चिनी वैद्यकात 'मू तोंग' या नावाने ओळखली जाणारी द्रव्ये लघवीच्या तक्रारींवर वापरली जात. त्यांतील एका द्रव्याचा दुष्परिणाम पुढे दिला आहे.

कार्यपद्धती

या वनस्पतींच्या क्रियेबाबत पुढील शक्यता मांडल्या जातात. पहिली, लघवीचे प्रमाण वाढल्याने मूत्राशयातील जंतू व बारीक स्फटिक धुऊन निघतात. दुसरी, वनस्पतीतील पोटॅशियमचे क्षार लघवी काहीशी अल्कधर्मी करतात. युरिक आम्लाचे खडे अल्कधर्मी लघवीत विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे, जे सर्वाधिक आढळतात, तसे विरघळत नाहीत. तिसरी, काही अर्क प्रयोगशाळेत स्फटिकांची वाढ व एकत्रीकरण रोखताना दिसतात. चौथी, क्रॅनबेरीतील प्रोअँथोसायनिडिन ही द्रव्ये ई. कोलाय जंतूंना मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गात बहुतेक वेळा हाच जंतू कारणीभूत असतो.

काचपात्रातील प्रयोगात खडा झिजला म्हणून शरीरातही तो झिजेल असे नाही. पोटातून घेतलेले द्रव्य पचन होऊन, रक्तात शोषले जाऊन मूत्रपिंडात पुरेशा मात्रेत पोहोचेपर्यंत त्याचे स्वरूप बदललेले असते.

आधुनिक संशोधन

पाण्याच्या प्रमाणाविषयीचा पुरावा तुलनेने स्पष्ट आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार मूत्राशयदाह होणाऱ्या व रोज कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा वर्षभर अभ्यास झाला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी अधिक प्यायले त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला. नेहमीइतकेच पाणी पिणाऱ्यांना ३.२ वेळा झाला.

क्रॅनबेरीविषयी कॉक्रेन संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ५० अभ्यास व ८,८५७ व्यक्तींचा समावेश होता. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत पुन्हा संसर्ग होण्याची शक्यता सुमारे एक-चतुर्थांशाने कमी झाल्याचे त्यात दिसले. मुलांतही लाभ आढळला. संस्थांत राहणाऱ्या वृद्धांत, गरोदर स्त्रियांत आणि मूत्राशय पूर्ण रिकामे न होणाऱ्यांत लाभ सिद्ध झाला नाही. हा पुरावा संसर्ग टाळण्याविषयी आहे. झालेला संसर्ग क्रॅनबेरीने बरा होतो, असे त्यातून निघत नाही.

उवा-उर्सीची तुलना एका प्रतिजैविकाशी करणारी जर्मनीतील चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. वनौषधी घेणाऱ्या गटात अनेक स्त्रियांना प्रतिजैविक लागलेच नाही. मात्र त्यांना लक्षणांचा त्रास अधिक झाला आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचण्याची उदाहरणेही त्या गटात अधिक होती. सॉ पाल्मेटोच्या बाबतीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२५ पुरुषांवरील वर्षभराच्या चाचणीत ते निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही. २०११ मधील अधिक मात्रेच्या चाचणीचा निष्कर्षही तसाच होता.

गोखरू, वायवर्णा, पाषाणभेद, पुनर्नवा व कुळीथ यांवर भारतात झालेले बरेचसे काम प्रयोगशाळेतील किंवा प्राण्यांवरील आहे. रुग्णांवरील अभ्यास बहुधा थोड्या व्यक्तींवर व अल्पकाळ झालेले असून त्यांत तुलनेचा गट नेहमीच असतो असे नाही. मूतखड्याच्या बाबतीत ही उणीव विशेष महत्त्वाची आहे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडून जातात. खडा पडण्यापूर्वी रुग्ण जो उपाय करीत असेल त्यालाच श्रेय मिळते, मग तो उपाय कुळथाचे पाणी असो वा अन्य काही. तुलनेचा गट असल्याशिवाय हे श्रेय योग्य आहे की नाही हे ठरविता येत नाही.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंचे प्रमाण वाढत असल्याने संसर्ग टाळण्याच्या प्रतिजैविकेतर मार्गांकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे. पारंपरिक वनौषधींच्या पद्धतशीर अभ्यासाचे महत्त्व त्यामुळे वाढते.

ओळख व भेसळ

एकाच नावाखाली भिन्न वनस्पती विकल्या जाणे ही या क्षेत्रातील जुनी अडचण आहे. 'लहान गोखरू' म्हणजे ट्रिब्यूलस टेरेस्ट्रिस, तर 'मोठे गोखरू' म्हणजे पेडालियम म्युरेक्स. ही दोन्ही वेगळ्या कुळांतील आहेत. मोठ्या गोखरूची ताजी फांदी पाण्यात ढवळली असता पाणी तेलासारखे बुळबुळीत होते, ही त्याची ओळख सांगितली जाते. पुनर्नवेच्या जागी ट्रायँथेमा ही दिसण्यात काहीशी सारखी वनस्पती मिसळली जाते. 'पाषाणभेद' हे नाव प्रदेशपरत्वे कपूरमाधुरी, पानफुटी व इतर वनस्पतींनाही दिले जाते. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात या द्रव्यांची प्रमाणित लक्षणे दिलेली आहेत. परंतु बाजारातील सुटी चूर्णे डोळ्यांनी ओळखणे जवळजवळ अशक्य असते.

धोके व मर्यादा

'वनस्पती आहे, म्हणजे अपाय नाही' हा समज चुकीचा आहे. याचे सर्वाधिक गंभीर उदाहरण अॅरिस्टोलोकिक आम्लाचे होय. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून अॅरिस्टोलोकिया प्रजातीची वनस्पती आली. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आणि पुढे त्यांतील काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. १९९३ साली ही घटना वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे आली. चीनमध्ये लघवीच्या तक्रारींवर वापरले जाणारे 'ग्वान मू तोंग' हे द्रव्यही याच प्रजातीतील होते. २००३ साली त्यावर बंदी आली. मूत्रविकार बरा करण्यासाठी घेतलेले औषधच मूत्रपिंडाचा घात करणारे ठरले. या प्रजातीतील सापसण व किडामारी या वनस्पती महाराष्ट्रातही आढळतात व लोकवैद्यकात अन्य कारणांसाठी वापरल्या जातात. त्या पोटात घेणे टाळावे.

इतर धोके पुढीलप्रमाणे आहेत:

- पोटॅशियम: मूत्रपिंडे दुबळी झालेल्यांत शहाळ्याचे पाणी, केळीच्या खांबाचा रस, यवक्षार व पुनर्नवा यांमुळे रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते.
- ऑक्झलेट: घोळेच्या भाजीसारख्या काही 'थंड' मानलेल्या वनस्पतींत ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असते, म्हणून कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होणाऱ्यांनी त्या बेताने खाव्यात. बिलिंबीच्या फळांचा रस अधिक प्रमाणात प्यायल्याने मूत्रपिंड अचानक निकामी झाल्याच्या नोंदी केरळमधून झाल्या आहेत.
- अन्य औषधांशी संयोग: रक्तदाब, मधुमेह किंवा लघवी वाढविण्याची औषधे तसेच लिथियम चालू असताना मूत्रल वनौषधी घेतल्यास परिणाम कमीअधिक होऊ शकतो.
- जड धातू: २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते.
- पाण्याचे प्रमाण: हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारात पाणी मोजून घेण्यास सांगितलेल्या रुग्णांना 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला लागू पडत नाही.
- गरोदरपण: यांतील बहुतेक औषधींची गरोदरपणातील सुरक्षितता सिद्ध झालेली नाही.

तथापि सर्वांत मोठा धोका विलंबाचा आहे. लघवीची जळजळ काढ्याने तात्पुरती कमी झाली तरी संसर्ग आत वाढत राहू शकतो. खड्याने मूत्रवाहिनी अडली असल्यास वेदना थांबल्यावरही मूत्रपिंडावर दाब राहतो आणि ते हळूहळू निकामी होऊ शकते. वेदना गेली म्हणजे खडा गेला असे मानता येत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा अन्य तपासणी करावी लागते.

वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी

पुढील लक्षणांत घरगुती उपायांवर न थांबता तातडीने डॉक्टरांकडे जाणे आवश्यक मानले जाते:

- थंडी वाजून ताप येणे, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या होणे
- लघवीवाटे रक्त जाणे, मग ते वेदनेविना असले तरीही
- लघवी पूर्णपणे तुंबणे
- गरोदर स्त्रिया, लहान मुले, मधुमेही आणि एकच मूत्रपिंड असलेल्या व्यक्तींना होणारी लघवीची कोणतीही नवी तक्रार
- दोन दिवसांत न ओसरणारी किंवा वारंवार उद्भवणारी जळजळ
- वृद्धांत अचानक आलेला गोंधळलेपणा किंवा ग्लानी

गरोदरपणात लक्षणे नसतानाही लघवीत जंतू आढळल्यास उपचार केले जातात, कारण त्यातून मूत्रपिंडाचा संसर्ग व अकाली प्रसूती यांचा धोका वाढतो. लघवीची साधी तपासणी व जंतुसंवर्धन (कल्चर) यांवरून संसर्गाचे निदान होते आणि कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे कळते. तपासणीचा नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी द्यावा लागतो. वनौषधी चालू असल्यास ती डॉक्टरांना सांगणे हिताचे असते.

कायदा व नियमन

भारतात आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांचे उत्पादन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये परवान्याखाली होते. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मूत्रपिंड व मूत्राशयातील खडे, तसेच पुरःस्थ ग्रंथीचे विकार यांचा समावेश आहे. त्यामुळे हे विकार बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करण्यास या कायद्याने मनाई आहे. 'हमखास खडा पाडणारे औषध' अशा स्वरूपाचे फलक या मनाईच्या कक्षेत येतात. आयुष मंत्रालय २०१४ साली स्वतंत्रपणे स्थापन झाले.

संवर्धन

गोखरू व पुनर्नवा या तणाप्रमाणे वाढणाऱ्या वनस्पतींना सध्या टंचाईचा धोका दिसत नाही. पाषाणभेदाचा औषधी भाग मात्र मूलस्तंभ असल्याने तो काढताना झाड मुळासकट जाते. हिमालयातील काही भागांत अतितोडीमुळे त्याची संख्या घटली आहे. वायवर्ण्याची साल खोडाच्या सभोवती काढल्यास वृक्ष मरतो. फांद्यांची साल घेणे आणि ओढ्याकाठी नवी लागवड करणे हे उपाय सुचविले जातात. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ अशा वनस्पतींच्या लागवडीस साहाय्य करते.

हे सुद्धा पहा

- आयुर्वेद
- गोखरू
- पुनर्नवा
- मूतखडा
- मूत्रपिंड
- रानभाज्या